टेंभेकर सरांचा कापसाचा बर्फ

टेंभेकर सरांनी जन्मात कधी बर्फ पडताना पाहिला नव्हता, आणि तुमसरातल्या पोरांना बर्फ शिकवण्याचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. सर ते कुठल्याच शाळेचे नव्हते. मँगनीजच्या खाणीवरून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, आमच्या पेठेतल्या वाचनालयाचे मानद चिटणीस झाले, आणि त्याच आठवड्यापासून स्वतःला सर म्हणवून घेऊ लागले. आधी कोणी म्हणेना, तेव्हा दारात उभं राहून स्वतःच सांगायचे, "टेंभेकर सर आलेत म्हणून आत कळवा." गावाला हळूहळू सवय लागली. मलाही लागली. त्यांच्याविषयी चांगलं लिहिण्यासारखं फारसं नसताना आज लिहायला बसले, तर हातातून 'सर' हाच शब्द उतरतो.

दसरा झाला की त्यांच्या गळ्यात मरून रंगाचा मफलर यायचा आणि होळीलाच निघायचा. थंडी पडलेली असो वा नसो. ऑक्टोबरच्या उन्हात त्या मफलरखालून घाम कॉलरीत उतरताना मी पाहिला आहे. "आवाज जपावा लागतो, बाई," असं म्हणून ते डबीतली एक लवंग दाढेखाली धरायचे. आवाज खरोखर चांगला होता, भरदार, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. त्यांच्याकडे चांगली अशी ती एकच गोष्ट होती आणि ती त्यांना पूर्ण माहीत होती. त्या आवाजाच्या दोन तऱ्हा होत्या. तहसीलदार किंवा मिलमालक आले की तो साखरेच्या पाकासारखा ओघळायचा. पोरांशी बोलताना तोच आवाज छतावर आपटून खाली यायचा.

बालविभाग म्हणजे काचेचं एक कपाट. आत रंगीत चित्रांची पुस्तकं होती आणि बाहेर कुलूप. त्याची किल्ली सर जानव्याला बांधून ठेवत. एखाद्या पोरानं पुस्तक मागितलं, की किल्लीसाठी कोटाची, मग सदऱ्याची बटणं सोडावी लागायची. एवढा खटाटोप एका पोरासाठी कोण करणार? "काचेतून बघ. चित्रं छान दिसतात," असं ते सांगायचे. पोरं काचेला नाक लावून एकच उघडं पान महिनोन् महिने बघायची. मग सर शिपायाकडून नाकांचे डाग पुसून घ्यायचे.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. सत्तरचं दशक अर्धं सरलं असेल. एका हिवाळ्याच्या तोंडाशी सर आमच्या शाळेत आले ते दिल्लीहून आणलेलं एक रंगीत मासिक घेऊनच. नातेवाइकाच्या लग्नाला गेले असताना त्यांनी तिथल्या एका वाचनालयात मुलांचा हिवाळी कार्यक्रम पाहिला होता. मुलं कागदाचे हिमकण कापताहेत, कापसाचा हिममानव करताहेत, मधोमध खुर्चीवर बसून कोणी गोष्ट सांगतंय. त्या मधल्या खुर्चीनं सरांना पछाडलं होतं.

"बाई, प्रगत देशांत हिवाळ्यात वाचनालयं पोरांनी ओसंडतात. आपण काहून मागे राहायचं?" ते म्हणाले. कात्री आणि खळ मी सांभाळायची, गोष्ट ते सांगणार. दर रविवारी दुपारी. मी हो म्हटलं. नाहीतर रविवारी वाचनालयाचं दार बंदच असायचं. पोरांसाठी ते त्यांनी उघडलं, एवढं श्रेय त्यांचं आहे. ते देते आणि पुढे जाते.

आमच्याकडचा हिवाळा म्हणजे धानाची कापणी. पोरं शाळेत यायची ती बांधावरून, पायांना ओला चिखल, हात उललेले, केसांत तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, काड्या. या पोरांना सरांनी सांगितलं, "बालमित्रांनो, पुढच्या रविवारी प्रत्येकानं घरून कापूस आणायचा. आपण हिमालय करणार आहोत." आमच्या भागात कपाशी नाही. कापूस घरात कुठे असतो, तर उशीत आणि दुलईत. पोरांनी तो तिथून काढला.

हिमालय मोठा झाला. त्याच्यापुढे पोरांच्या कमरेएवढा एक हिममानवही उभा राहिला, बटणांचे डोळे आणि गळ्यात मरून चिंधी. त्याच्या गळ्यात ती चिंधी सरांनी स्वतः बांधली होती. पाहुणे म्हणून शिक्षण खात्यातले कोणी साहेब यायचे होते. त्याआधी तासभर एक बाई फाटकी दुलई खांद्यावर टाकून दारात उभी राहिली.

"कोन सर हाय जी इथं?"

"बोला."

"माह्या पोट्ट्यानं दुलई फाडली न जी. रातभर कुडकुडून राहिला थो. तुमी सांगतलं म्हनते कापूस आनाले."

सरांनी लवंग एका दाढेखालून दुसरीखाली नेली. "कलेसाठी थोडं सोसावं लागतं, बाई. आता तो कापूस कापूस राहिला नाही. तो हिम झाला."

बाईनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग सरळ आत आली, हिममानवाचं डोकं उपटलं, पदरात घेतलं आणि निघून गेली. जाताना हिमालयाच्या एका शिखराचा लचकाही तोडून नेला. मी खळीच्या भांड्यात मान घातली, हसू दिसू नये म्हणून. साहेब आले तेव्हा बिनडोक्याचा हिममानव तसाच उभा होता. सरांनी पाकातल्या आवाजात सांगितलं, "बर्फ वितळतो, हे मुलांनी दाखवलंय." साहेबांनी मान डोलावली आणि फोटो काढून घेतला.

गोष्ट सांगताना सर मुठीवर मूठ ठेवायचे, ऐन रंगात उजवं बोट वर करायचे आणि एक डोळा मिटायचे. गोष्ट हिमप्रदेशातल्या राजपुत्राची असली तरी थोड्या वेळानं ती खाणीवरच्या टेंभेकर हेडक्लार्कपाशी यायची. राजपुत्राला इंग्रज साहेब भेटायचा, आणि साहेब राजपुत्राच्या अक्षराची तारीफ करायचा. शेवटी सर रुमाल काढून डोळे पुसायचे. दरवेळी तिथेच. पोरांनी ते ओळखलं होतं. रुमालाला हात गेला की ती चपला शोधायला लागायची.

बसण्याची जागा तेच ठरवायचे. व्यापाऱ्यांची आणि अफसरांची पोरं पुढे सतरंजीवर. राईस मिलच्या मागच्या बौद्ध वस्तीतली पोरं दारापाशी, फरशीवर. "त्यांना मोकळी हवा लागते," असं ते मला म्हणाले होते, चेहऱ्यावरची एक रेघ न हलवता. डिसेंबरची मोकळी हवा दाराच्या फटीतून त्या पोरांच्या पाठीत शिरायची. मी सतरंजी लांबपर्यंत अंथरली, तर पुढच्या रविवारी ती पुन्हा गुंडाळलेली असायची.

दारापाशी बसणाऱ्यांत शेवंता मेश्राम होती. माझ्याच वर्गातली, सहावीतली. तिची आई राईस मिलच्या पटांगणात धान वाळवायची, पायांनी ओळी फिरवत. शेवंता बारीक, सावळी, आणि एकदा बोलायला लागली की हातात काही धरून ठेवायची: खडू, काडी, ओढणीचं टोक. पहिल्याच महिन्यात तिनं हात वर केला.

"सर जी, बर्फ कसा रायते? तो लाल पानी टाकून इकते, त्या बर्फवाल्यासारखा रायते का?"

"मऊ असतो. कापसासारखा."

"मंग थंड कसा लागते? कापूस त गरम रायते."

सगळी पोरं सरांकडे बघू लागली. त्यांनी डोळा मिटला, बोट वर केलं आणि म्हणाले, "मधे बोलणाऱ्यानं बाहेर जावं." शेवंता उठून बाहेर पायरीवर बसली. तिथून तिला सगळं ऐकू येत होतं, त्यामुळे तिचं काही बिघडलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात एका रविवारी सरांना यायला उशीर झाला. पोरं कंटाळली, कागदाचे हिमकण एकमेकांच्या डोक्यावर फेकू लागली. मी शेवंताला म्हटलं, "तुला येते का एखादी?" ती दारापाशीच उभी राहिली, हातात तणसाची एक काडी घेऊन, आणि सांगू लागली.

शेतात धानाचं पुंजणं रचलेलं. कापलेल्या धानाची ही रास राखायला एक म्हातारी एकटी बसलेली, चोरांच्या भीतीनं जागी. त्या रात्री थंडी नावाची एक पोरगी गावात फिरत होती. ज्या दारात जाईल, ते दार लागायचं. फिरत फिरत ती म्हातारीपाशी आली. म्हातारी म्हणाली, बस माय. पण शेकोटीपाशी बसली तशी थंडीची बोटं वितळू लागली. आता पाहुणीला उठ म्हणावं की शेकोटी विझवावी? म्हातारीनं मडक्यातलं पाणी शेकोटीवर ओतलं. दोघी अंधारात बसून राहिल्या, म्हातारी दात वाजवत आणि थंडी आपल्या गावाच्या गोष्टी सांगत.

"अन् चोर आले," शेवंता म्हणाली. एकही पोरगं हलत नव्हतं. "बांधावर पाय ठेवला त पाय बधिर. हात पुढं केला त हात बधिर. थंडी बसली होती न तिथं. चोर गेले परत. उजाडलं तशी थंडी म्हने, जातो आता माय, मी बसली त सूर्य कसा निंगल? अन् गेली. मंग म्हातारी तणसावर पसरली अन् उन्हात दुपारवरी झोपली. साऱ्या सुगीत तिची झोप झाली नोती न."

दारामागे सर उभे होते. केव्हा आले, कळलं नाही. त्यांनी टाळी वाजवली नाही. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि तिला विचारलं, "कोणी सांगितली ही?"

"कोनी नाई जी. मिलात आई धान वाळवते तवा मनातच येते."

"हं," सर म्हणाले, आणि राजपुत्राला सुरुवात केली.

महिनाभरानं रेडिओवर मुलांच्या कार्यक्रमात तुमसरचे टेंभेकर सर गोष्ट सांगणार, असं गावभर झालं. ते त्यांनीच केलं होतं. त्या सकाळी मी चहा घेत ऐकत होते. धानाचं पुंजणं आलं, म्हातारी आली, थंडी आली. तोच भरदार आवाज, त्याच जागी थांबणं, शेवंतानं घेतलेला श्वाससुद्धा. फक्त चोर गेले होते. त्यांच्या जागी आकाशातून शुभ्र बर्फ पडला, थंडीची परी झाली आणि परीनं म्हातारीला सोन्याचं लुगडं दिलं. बालमित्रांनो, परोपकाराचं फळ असं मिळतं. माझा चहा बशीत सांडला.

शेवंताही ऐकून होती, मिलसमोरच्या चहाच्या टपरीवर. दुसऱ्या दिवशी वर्गात माझ्या टेबलापाशी आली. मला वाटलं, रडेल. ती ओढणीचं टोक पिळत म्हणाली, "बाई, सरायनं शेवट बिघडवला. म्हातारीले सोन्याचं लुगडं कायले पायजे होतं? पहाटेच्या थंडीत नेसलं त लोखंडावानी लागल न."

त्याच संध्याकाळी मी वाचनालयात गेले. सर आपल्या फोटोला फ्रेम बसवून घेत होते.

"गोष्ट शेवंताची आहे, सर."

"गोष्टीला काय मालक असतो, बाई? लोकांच्या तोंडी असतं हे सगळं."

"लोकांच्या नाही, तिच्या तोंडी होतं. तुम्ही दारामागे उभे राहून ऐकलंत."

त्यांनी सुताराला खिळा जरा वर ठोकायला सांगितला. मग माझ्याकडे वळून, अगदी समजुतीच्या स्वरात, म्हणाले, "तिचं नाव घेतलं असतं तर रेडिओच्या लोकांनी विचारलं असतं, कोण ही? पोरगी संकोचली असती. मी तिला वाचवलं." आणि मी काही बोलण्याआधी पुढे म्हणाले, "बरं, असं करू. येत्या रविवारी मी तिला पुढे सतरंजीवर बसवतो."

चोरी करून वर सतरंजी देणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता. फ्रेम भिंतीवर तिरकी बसली होती, मी ती तशीच राहू दिली.

रविवारी त्यांनी खरोखरच जाहीर केलं. "आज शेवंता पुढे बसेल."

"मले इथंच बरं हाय जी," ती दाराजवळून म्हणाली.

सरांना राग आला, पण ते खुर्चीत बसले. रेडिओवरची गोष्ट सगळ्यांना पुन्हा ऐकायची आहे, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. म्हातारी, शेकोटी, थंडी. पोरं एकमेकांकडे बघत होती. ही गोष्ट त्यांच्या ओळखीची होती. सोन्याचं लुगडं आलं. सरांचं बोट वर, डोळा मिटलेला. तेवढ्यात दाराजवळून आवाज आला.

"मंग धान कोनं राखलं जी?"

सर थांबले. "काय?"

"परी म्हातारीले लुगडं नेसवून राहिली, मंग धान कोन राखून राहिलं? म्हातारी त राखाले बसली होती न."

बोट हवेतच राहिलं. त्यांनी डोळा उघडला, पुन्हा मिटला. पुढच्या रांगेत तेलाच्या व्यापाऱ्याचा मुलगा बसला होता. तो सतरंजीवरच वळला आणि म्हणाला, "तू सांग न शेवंते, कोनं राखलं?" त्याच्यामागे दुसरी वळली. सतरंजीवरची सगळी तोंडं दाराकडे झाली आणि खुर्चीकडे पाठी. शेवंतानं चोरांपासून सांगितलं, घाईनं, थोडंसं अडखळत, आपल्याला रागावणार हे माहीत असल्यासारखं. सर मफलर सारखा करत बसून राहिले. त्यांना मधे बोलता आलं असतं. तो आवाज होता त्यांच्याकडे. पण शेवट त्यांनाही ऐकायचा होता, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, आणि त्या माणसाची मला त्याहून जास्त किळस कधी आली नाही. तेव्हाही ते पुढच्या कार्यक्रमासाठी काहीतरी उचलत होते.

मग नियम आला. शिस्त बिघडते म्हणून हिवाळी कथा फक्त सभासदांच्या पाल्यांसाठी. मिलमागची पोरं आपोआप गळाली. सतरंजीवर चार-पाच अफसरांची मुलं उरली, बाजारातून विकत आणलेल्या कापसाचा हिमालय करत. त्या मुलांचाही दोष नव्हता. त्यांना घरून पाठवलं जाई.

मी कात्री घेऊन तिकडे मिलच्या पटांगणात जाऊ लागले. रविवारी मिल बंद असायची. कडेला तणसाचे ढीग, फरशी उन्हानं तापलेली. पोरं तणसाचे बैल वळायची, पेंढीची म्हातारी करायची, तिला चिंधीचं लुगडं नेसवायची. शेवंता ढिगावर बसून सांगायची. तिची आई चपला काढून दूर बसायची, लेकीकडे न बघता, पण ऐकत. सरांना हे कळलं तेव्हा ते मला रस्त्यात म्हणाले, "बाई, तुम्ही बालकांना हाताळता. मी घडवतो." मी हातातली भाजीची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि चालू लागले.

शेवंता शिकली. डी.एड. झाली. करडी गावातल्या शाळेत लागली तेव्हा ऐंशीच्या दशकाची तीन-चार वर्षं झाली होती. तिथल्या स्नेहसंमेलनाला तिनं मला बोलावलं. गेले तर प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीत टेंभेकर सर. हेडमास्तरांनी बोलावलं होतं. रेडिओवर ऐकलेला आवाज त्यांच्या ध्यानात होता. मी शेवंताकडे पाहिलं. तिनं नुसते खांदे उडवले. "बोलावू द्या, बाई. म्हातारे झाले."

खरंच झाले होते. मफलरात मान दिसत नव्हती. तिला त्यांनी ओळखलं नाही. हार घालायला ती पुढे आली तेव्हा, "अरे वा, छान," म्हणाले, आणि फोटोवाला कुठे आहे ते बघू लागले. मग भाषण केलं. खाण, इंग्रज साहेब, अक्षर, रेडिओ. आवाज फाटला होता आणि पोरं उन्हात चुळबुळत होती. खुर्चीत बसले आणि थोड्याच वेळात त्यांची मान पुढे झुकली. तोंड अर्धवट उघडं.

शेवंता पोरांमध्ये जमिनीवर बसली. "हळू बसा रे, थे झोपले हायेत," म्हणाली. मला तिचा तो हळूपणा पटला नाही. मी असते तर मुद्दाम मोठ्यानं बोलले असते. तिनं नवीन गोष्ट सांगितली, तळ्यावर हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांची, ज्यांना गावातली एक आंधळी मुलगी आवाजावरून मोजते. पोरं पुढे सरकत सरकत तिच्या गुडघ्यांपर्यंत आली. शेवटचा पक्षी उडाला आणि एकदम टाळ्या.

त्या आवाजानं सर दचकून जागे झाले. इकडे तिकडे पाहिलं. समोर सगळं अंगण टाळ्या वाजवत होतं. त्यांचा चेहरा उजळला. खुर्चीचा हात धरून ते उठले, मफलर सारखा केला, आणि दोन्ही हात जोडून, मान किंचित लववून, त्या टाळ्या घेऊ लागले. हेडमास्तर गोंधळले. पोरं खुसखुसली, पण टाळ्या आणखी वाढल्या, कारण पोरांना गंमत वाटत होती. शेवंतानं कोणाला थांबवलं नाही. ती पोरांच्या मधे बसून आपल्या ओढणीला लागलेली माती झटकत होती, आणि सर अजून हात जोडून उभे होते, टाळ्या संपायची वाट बघत, म्हणजे त्यांना दोन शब्द बोलता येतील.